खोकला किती दिवसांचा, ते आधी मोजा

प्रश्न : घरात दोघं आजारी आहेत. मुलगा ३ वर्षांचा, त्याला परवापासून ताप, खोकला, नाक गळतंय. आणि सासरे ६४ वर्षांचे, शुगर आहे, त्यांचा खोकला तीन आठवडे झाले जात नाही, संध्याकाळी अंगात कणकण असते. मेडिकलमधून दोनदा अँटिबायोटिक आणलं, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. सगळे म्हणतात बाळाचीच साथ आजोबांना लागली. बाळाला मोठं हॉस्पिटल गाठावं का?
— एक वाचक, जि. सोलापूर

उत्तर : ताई, तुमची सगळी काळजी बाळाची दिसतेय, पण पत्र वाचून मला जास्त काळजी सासऱ्यांची वाटली. आणि साथ बाळाकडून लागली म्हणता तर बाळ परवा आजारी पडलं, आजोबा तीन आठवड्यांपूर्वी, मग ते कसं शक्य आहे?

बाळाचं आधी सांगते. नाक गळणं, ताप, खोकला हे या वयात बहुतेक वेळा व्हायरल असतं, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही, ताप तीन-चार दिवसांत उतरतो आणि खोकला पुढे दोन आठवडे रेंगाळतो. घरात पडलेलं जुनं कफ सिरप मात्र देऊ नका. बाळ झोपलेलं असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. ४० किंवा त्याहून जास्त भरले, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, किंवा ते पाणीही पीत नसेल, तर न्यूमोनियाची शंका, लगेच दवाखाना. ताप उतरून दोन दिवस बरं होतं आणि पुन्हा चढला, तरीही दाखवा.

आता सासरे. व्हायरलनंतरचा नुसता खोकला तीन आठवडे टिकू शकतो हो, पण त्याच्याबरोबर रोज संध्याकाळी कणकण टिकत नाही. बीपीच्या काही गोळ्यांनी (रामीप्रिल, एनालाप्रिल) कोरडा खोकला येतो, ॲसिडिटीनेही येतो, पण त्यात ताप नसतो. दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हणजे टीबीची तपासणी, हा आपल्याकडचा सरळ नियम आहे, आणि शुगरवाल्यांना टीबीचा धोका इतरांपेक्षा दोन-तीन पट असतो. वजन घटलंय का, रात्री घामाने बनियन भिजतं का, भूक गेलीय का, हे विचारा, ही माणसं आपणहून सांगत नाहीत. टीबीच असेल असं मी म्हणत नाहीये, अर्धवट बरा झालेला न्यूमोनिया असू शकतो, बिडी ओढत असतील तर फुप्फुसाचे इतर आजारही, पण हे छातीचा एक्स-रे आणि थुंकी तपासल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही.

मेडिकलच्या अँटिबायोटिकबद्दल मला खरंच राग येतो. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी गोळी टीबीला थोडे दिवस दाबते, माणसाला बरं वाटतं, थुंकीचा रिपोर्टही फसवा येऊ शकतो आणि निदान लांबतं. म्हणून तिसरा कोर्स नको. आधीच्या गोळ्यांची पाकिटं मात्र डॉक्टरांना दाखवायला न्या.

जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा. सकाळी उठल्यावर चूळ भरून खोल खोकून आलेला बेडका द्यायचा, तोंडातली लाळ नाही. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट मशीनवर जंतू तर कळतातच, रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का तेही कळतं. तपासणी फुकट, निघालाच तर औषधंही फुकट, साधारण सहा महिने, आणि निक्षय पोषण योजनेत महिन्याला १००० रुपये खात्यावर येतात. शुगरही त्याच फेरीत तपासून घ्या, टीबीत ती वाढते.

थुंकीत रक्त आलं, धाप लागली किंवा बोटाच्या मशीनवर ऑक्सिजन ९४ च्या खाली दिसला तर रिपोर्टची वाट बघू नका, त्याच दिवशी ॲडमिट करा.

तोवर आजोबा तोंडाला रुमाल किंवा मास्क लावतील, खोलीची खिडकी उघडी राहील आणि बाळ त्यांच्या अंथरुणात झोपणार नाही एवढं बघा. टीबी निघाला तर घरात ५ वर्षांखालचं मूल आहे हे तिथे आवर्जून सांगा, कारण मग बाळाचीही तपासणी होते आणि त्याला टीबी नसेल तर होऊ नये म्हणून औषध सुरू करतात.