सत्ता न मिळताही देशाच्या राजकारणावर ठसा उमटवणारा आफ्रिकेतला विरोधी पक्षनेता कोण?

माझ्या मते झिंबाब्वेचे मॉर्गन त्स्वांगिराई. २००८ च्या निवडणुकीतून ऐनवेळी माघार घेतली म्हणून त्यांना कच्च्या दिलाचा पुढारी ठरवणारे बरेच आहेत. मला ते अजिबात पटत नाही.

गवंड्याचा हा मुलगा, नऊ भावंडांत थोरला. शिक्षण लवकर सुटले. आधी कापड गिरणीत, मग बिंदुराच्या निकेल खाणीत काम केले. तिथूनच कामगार चळवळीत आले आणि १९८८ मध्ये देशातल्या कामगार महासंघाचे सरचिटणीस झाले. तोवर सरकारच्या कलाने चालणारा महासंघ त्यांनी स्वतःच्या पायावर उभा केला. १९९७ मध्ये करवाढीविरुद्धचा संप यशस्वी झाला, तेव्हा हल्लेखोरांनी कार्यालयात घुसून त्यांना खिडकीतून खाली फेकायचा प्रयत्न केला.

सप्टेंबर १९९९ मध्ये त्यांनी एमडीसी (मूव्हमेंट फॉर डेमोक्रॅटिक चेंज) पक्ष काढला. चिन्ह उघडा पंजा. आपल्याला काँग्रेस आठवेल, पण तिथे तो सत्ताधारी झानू-पीएफ पक्षाच्या आवळलेल्या मुठीसमोर उभा होता. फेब्रुवारी २००० च्या सार्वमतात जनतेने राष्ट्राध्यक्ष रॉबर्ट मुगाबे यांच्या सरकारचा घटनेचा मसुदा फेटाळला, आणि जूनमध्ये या कोवळ्या पक्षाने निवडून द्यायच्या १२० पैकी ५७ जागा जिंकल्या. २००२ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी सेनाप्रमुखांनी जाहीर केले की, स्वातंत्र्ययुद्धात न लढलेल्या माणसाला आम्ही मानणार नाही. पुढची सगळी कारकीर्द या एका वाक्याच्या छायेत गेली. देशद्रोहाचा खटला झाला, २००४ मध्ये निर्दोष सुटले. मार्च २००७ मध्ये पोलिसांनी इतके मारले की सुजलेल्या डोळ्याचे त्यांचे छायाचित्र जगभर छापले गेले.

आता माघारीबद्दल. २९ मार्च २००८ च्या पहिल्या फेरीत त्यांना सुमारे ४८ टक्के मते मिळाली, मुगाबेंना ४३. निकाल महिनाभर दाबून ठेवला होता. निम्म्याहून अधिक मते कुणालाच नसल्याने दुसरी फेरी ठरली. तिच्या आधी गावोगाव एमडीसीच्या माणसांना शोधून मारहाण झाली, घरे जाळली गेली, कित्येकांचे जीव गेले. मतदानाला पाच दिवस उरले असताना त्यांनी नाव मागे घेतले आणि डच वकिलातीत आसरा घेतला. मतदारांच्या जिवावर निवडणूक लढवायची नाही, हे म्हणायला धाडसच लागते.

माझा आक्षेप आहे तो त्यानंतर मुगाबेंसोबत सत्ता वाटून घेण्याच्या समझोत्याला. फेब्रुवारी २००९ मध्ये ते पंतप्रधान झाले, महिन्याच्या आत मोटार अपघातात पत्नी सुसान गेल्या, तरी काम थांबले नाही. अमेरिकी डॉलर चलनात आला, महागाईचा भडका विझला, दुकानांत पुन्हा माल दिसू लागला. अर्थखाते त्यांच्याच पक्षाच्या टेंडाई बिटी यांच्याकडे होते. राष्ट्राध्यक्षपदाला दोन मुदतींची मर्यादा घालणारी २०१३ ची घटनाही याच काळातली. पण लष्कर आणि गुप्तचर यंत्रणा मुगाबेंकडेच राहिली. त्या हातात नसताना सरकारात बसल्यामुळे कारभाराचे ओझे एमडीसीवर आले आणि दंडुका मात्र जुन्याच हातात राहिला. जुलै २०१३ मध्ये वादग्रस्त निवडणुकीत ते ३४ टक्क्यांवर घसरले.

१४ फेब्रुवारी २०१८ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्याआधी तीनच महिने लष्कराने मुगाबेंना पायउतार व्हायला लावले होते, आणि राष्ट्राध्यक्षपद झानू-पीएफच्याच एमर्सन म्नांगाग्वांकडे गेले होते.