शहराच्या ग्रँटवरची नोकरी घ्यावी का?

एडिसन, न्यू जर्सीहून एका आईचं पत्र आलं आहे. लेक तिथेच जन्मली, वाढली आणि यंदा राज्यशास्त्रात पदवीधर झाली. न्यूयॉर्क शहरात स्थलांतरितांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या एका नॉन-प्रॉफिट संस्थेने तिला नोकरी देऊ केली आहे. पगार शहराच्या ग्रँटमधून निघणार आणि ऑफर लेटरमध्ये ‘निधी उपलब्ध असेपर्यंत’ असं स्पष्ट लिहिलं आहे. वडिलांचं म्हणणं, त्यापेक्षा डेटा अ‍ॅनालिटिक्सचा कोर्स करावा. आई विचारतात, ‘‘दरवर्षी नव्याने मंजूर होणाऱ्या पैशावर मुलीने किती भिस्त ठेवायची?’’

सप्रेम नमस्कार.

माझं मत आधीच सांगते: नोकरी घेऊ द्या. ज्या वाक्याने तुमची झोप उडाली आहे ते अशा बहुतेक संस्थांच्या पत्रात असतं. खरी जोखीम दुसरीकडे आहे, तिच्याकडे येतेच.

आधी हा पैसा शहर का देतं ते पाहू. अमेरिकेत गुन्ह्याच्या खटल्यात आरोपी गरीब असेल तर सरकार वकील देतं. इमिग्रेशन कोर्टातलं, म्हणजे एखाद्याला देशाबाहेर काढायचं की नाही याचं प्रकरण मात्र दिवाणी धरलं जातं. वकील ठेवण्याचा हक्क आहे, पण सरकारी खर्चाने नाही. त्यामुळे लहान मुलंसुद्धा सरकारी वकिलासमोर एकटी उभी राहिलेली आहेत. न्यायमूर्ती रॉबर्ट कॅट्झमन यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्कमध्ये या प्रश्नाचा अभ्यास झाला आणि २०११ मध्ये त्याचे आकडे आले. कोठडीबाहेर असलेल्या आणि वकील मिळालेल्या लोकांपैकी ७४ टक्क्यांचा निकाल त्यांच्या बाजूने लागला होता. कोठडीत असलेल्या, वकील नसलेल्यांत हे प्रमाण होतं फक्त ३ टक्के. मी हे आकडे प्रथम वाचले तेव्हा पुन्हा तपासून पाहिले होते.

२०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कौन्सिलने ५ लाख डॉलर देऊन कोठडीतल्या स्थलांतरितांना वकील पुरवण्याचा प्रयोग सुरू केला. पुढच्याच वर्षी तो निधी ४९ लाखांवर गेला. नंतर शिकागो, लॉस एंजेलिस, सिएटल या शहरांनीही आपापले निधी उभे केले. म्हणजे ‘एका वर्षाचा पैसा’ ही बजेटची पद्धत आहे. शहराचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, त्याआधी कौन्सिल आणि महापौरांचं बजेट ठरतं आणि त्यात हा निधी वर्षानुवर्षं येत राहिला आहे. उद्याची हमी कोणीच देणार नाही. २०२५ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने पालकांशिवाय एकट्या आलेल्या मुलांच्या वकिलीसाठीचं काम थांबवलं, तेव्हा त्यावर अवलंबून असलेल्या संस्थांत माणसं कमी करावी लागली. म्हणूनच एकाच खिशातून चालणाऱ्या संस्थेपेक्षा शहर, राज्य, खासगी फाउंडेशन अशा तीन-चार ठिकाणांहून पैसा आणणारी संस्था बरी.

आता खरी जोखीम. शहर बहुतेक पैसा आगाऊ देत नाही. संस्थेने आधी खर्च करायचा, पगार द्यायचे, मग बिल लावायचं. काम जुलैत सुरू होतं, करार मात्र कॉम्प्ट्रोलरकडे, म्हणजे शहराचे हिशेब तपासणाऱ्या अधिकाऱ्याकडे, नोंदल्याशिवाय बिलच लावता येत नाही, आणि ही नोंदणी अनेकदा काही महिने रेंगाळते. तोवर संस्था गंगाजळीतून किंवा कर्ज काढून पगार भागवते. तेव्हा मुलीने मुलाखत घेणाऱ्यांना सरळ विचारावं: गेल्या वर्षीचा करार कधी नोंदला गेला? मधल्या काळात पगार वेळेवर झाले का? हातात किती महिन्यांचा खर्च शिल्लक असतो? माझा पगार एकाच ग्रँटवर आहे की विभागलेला? चांगली संस्था या प्रश्नांनी दुखावत नाही. उत्तर देताना कोणी चाचरलं तर मात्र थांबावं.

काम काय असेल याची कल्पना द्यायला हवी. समोर एक माणूस पिशवीभर कागद घेऊन बसतो. त्यातून कोर्टाची नोटीस शोधायची, तारीख कधीची आहे, पत्ता बदलल्याचं कळवलं आहे का, हे बघायचं. असायलमचा, म्हणजे मायदेशी छळाची भीती असल्याने आश्रय मागण्याचा अर्ज साधारणपणे देशात आल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. त्या माणसाचे अकरा महिने उलटून गेलेत हे पहिल्या भेटीत लक्षात आलं नाही, तर पुढे वकिलाचीही दमछाक होते. मग त्याच कामाची टाइमशीटवर नोंद, कोणत्या ग्रँटखाली किती तास. हे कंटाळवाणं आहे, पण शहराचं बिल त्यावरच निघतं.

एक गोष्ट तिने ऑफर लेटरमध्येच लिहून घ्यावी: न्याय खात्याची मान्यता मिळवून देण्याचं प्रशिक्षण. वकील नसलेल्या माणसालाही मान्यताप्राप्त संस्थेमार्फत ‘अ‍ॅक्रेडिटेड रिप्रेझेंटेटिव्ह’ होता येतं. अंशतः मान्यता असेल तर इमिग्रेशन खात्यापुढे, पूर्ण असेल तर कोर्टातही बाजू मांडता येते. ती तीन वर्षांसाठी असते आणि संस्था सोडली की नव्या संस्थेतून पुन्हा अर्ज करावा लागतो. तरीही मान्यता मिळवलेल्या माणसाला या क्षेत्रात मागणी असते. पुढे लॉ स्कूलला जायचं ठरलं तर हाच अनुभव कामी येईल. शिवाय हा कायदा केंद्राचा असल्यामुळे कोणत्याही एका राज्याचा वकिलीचा परवाना देशभरच्या इमिग्रेशन कोर्टांत चालतो.

जाता जाता, पुण्या-नाशिकहून एलएलबी करून एलएलएमसाठी न्यूयॉर्कला जाऊ पाहणाऱ्यांसाठी. तुमचं गणित वेगळं आहे. शिक्षणानंतर ओपीटीचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर काम करण्याच्या परवानगीचे, फक्त १२ महिने मिळतात. एरवीच्या नॉन-प्रॉफिट संस्था एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या वर्षाला ८५ हजारांच्या मर्यादेत आणि लॉटरीत येतात, विद्यापीठं येत नाहीत. म्हणून विद्यापीठांच्या लॉ क्लिनिकमधल्या (जिथे विद्यार्थी देखरेखीखाली गरजूंची प्रकरणं हाताळतात) जागांकडे पहिल्या सत्रापासून लक्ष ठेवा.

आणि ताई, मुलीच्या वडिलांना सांगा, डेटाचा कोर्स संध्याकाळी करता येईल आणि तो वायाही जाणार नाही, कारण ग्रँटचा अहवाल आकड्यांवरच उभा असतो. आरोग्यविम्यासाठी ती २६ वर्षांची होईपर्यंत तुमच्या पॉलिसीवर राहू शकते, तेवढं एचआरकडे नक्की करून घ्या. पहिल्या वर्षात तीन महिन्यांचा खर्च भागेल इतकी शिल्लक तिने बाजूला टाकावी. घर एडिसनलाच आहे, तेव्हा ते तिला जमेल.