रशेस बघण्याचे तास

फोंडा, बुधवार

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी कांपालच्या बागेत तू विचारलेस की तासिका तत्त्वावर चित्रपटनिर्मिती शिकवायला जावे की घरी बसून संकलनाची कामे घ्यावीत. त्यानंतर अर्धा तास तू लॅपटॉप कोणता घ्यावा यावर बोललीस आणि मी चिडलो. आठ तासांचे लग्नाचे चित्रीकरण एका संध्याकाळीत ‘चाळून’ संपवल्याचे तू कौतुकाने सांगितलेस, खरा राग त्याचा होता. रशेस, म्हणजे कापण्याआधीचे सगळे कच्चे चित्रीकरण, चाळायचे नसतात. पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत, आवाजासकट, बघायचे असतात.

आमच्याकडून ही शिस्त यंत्रच पाळून घेत असे. मिनी-डीव्हीची साठ मिनिटांची टेप संगणकात उतरवायला साठच मिनिटे लागत, ती सुमारे १३ जीबी जागा खाई, आणि तेवढा वेळ समोर बसून राहावे लागे. त्यामुळे कात्री लावण्याआधी सगळे आपोआप बघून होई. पुढे टेपऐवजी मेमरी कार्ड आले, तासाभराचा ऐवज काही मिनिटांत उतरू लागला, आणि बघणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर आले. मीही तेव्हाच बिघडलो.

खाजण शेतीवरचा, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीवरचा, एक माहितीपट माझ्याकडे होता. त्यात बांधावरच्या मानशीची, म्हणजे पाण्याची ये-जा रोखणाऱ्या झडपेची, राखण करणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांची मुलाखत होती. भरतीच्या दाबाने मानशीचे लाकडी दार मिटते आणि ओहोटीला आतले पाणी ते उघडते, हे त्यांच्या बोलण्यातून नीट उमगेना, म्हणून मी पदरचे पैसे घालून आकृती करून घेतली. आठ महिन्यांनी तेच रशेस मी वर्गात सरावासाठी दिले, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “सर, हे का नाही घेतले?” मुलाखत ‘झाली’ असे कोणीतरी म्हटल्यावरही कॅमेरा चालूच राहिला होता. माईक काढलेला, आणि ते गृहस्थ दोन्ही तळवे दाराच्या फळ्यांसारखे मिटून, मग मनगटांनी हळूहळू उघडून, पाणी कसे जाते ते कोणाला तरी दाखवत होते. पुरी चाळीस सेकंदे! मी ती क्लिप ‘झाली’ या शब्दावरच कापली होती. आवाज नसल्यामुळे ते वापरता आले नाही, असे मी वर्गाला सांगितले. ते खोटे होते. घाई निर्मात्याची होती आणि मोबदला निम्माच हाती आला होता, हेही खरे आहे. पण शेवटपर्यंत बघायला मला कोणी अडवले नव्हते.

म्हणून दरपत्रकात बघण्याचे तास वेगळे लाव, आणि निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय हार्ड डिस्क घरात घेऊ नकोस. “बघायचे कसले पैसे?” असे विचारणारे भेटतील, माझी दोन हॉटेलांची कामे त्यावरून गेली. जाऊ देत. दुसऱ्या दिवशी सकाळी रील मागणाऱ्याला संकलक नको असतो, हमाल हवा असतो. शिवाय फोनवरच्या चित्रीकरणाचा फ्रेम दर, म्हणजे सेकंदाला किती चित्रे टिपली जातात ते, कमीजास्त होत असतो आणि आवाज ओठांपासून हळूहळू सरकत जातो. पूर्ण बघणाऱ्याला ते पहिल्याच दिवशी कळते, चाळणाऱ्याला काम द्यायच्या आदल्या रात्री.

शिकवण्याचेही तेच. पाच मिनिटांच्या तयार चित्रफितीत मुलाने काय ठेवले एवढेच दिसते. त्याची खरी चूक त्याने काय टाकून दिले यात असते, आणि ती रशेस बघितल्याशिवाय सापडत नाही. बारा विद्यार्थी असतील तर प्रत्येकाला अर्ध्या तासापेक्षा जास्त चित्रित करू देऊ नकोस, म्हणजे तुला सहा तास बघावे लागेल. त्या सहा तासांचे मानधन कोणी देणार नाही, सहकारी हसतीलही. या खुळापायी मी कुठेच टिकून बढती मिळवली नाही, असे घरी म्हणतात. मला ती नकोच होती, असे मी सांगत आलो आहे, आणि बहुतेक दिवस ते मला पटतेही.

दोन्हींपैकी काय निवडावे, याचे उत्तर माझ्याकडे एवढेच आहे की जिथे पूर्ण बघायला वेळ मिळेल ते घे. दोन्हीकडे मिळत असेल तर दोन्ही घे.

शनिवारी सकाळी फोंड्याला ये. त्या लग्नाचे चित्रीकरण अजून पुसले नसशील तर डिस्क घेऊन ये, पहिल्या क्लिपपासून लावू. आठ तास लागतील, जेवण इथेच कर. लॅपटॉपचे नंतर बघू.

तुझा,
सर