छोटी विमानं बनवणारे काही लोक इतकी विचित्र डिझाईन्स का करतात? नेहमीच्या आकारात वाईट काय आहे?

वाईट काही नाही, पण नेहमीचा आकार पायलटच्या काही चुका माफ करत नाही, आणि विचित्र दिसणारी बरीचशी विमानं त्यातली एखादी चूक जिवावर बेतू नये म्हणूनच बनलीत. मला या विषयाचं जुनं वेड आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिला शत्रू स्टॉल. स्पीड कमी आणि नाक फार वर असेल तर पंखावरून हवा नीट वाहत नाही, लिफ्ट (विमान उचलून धरणारं बल) जाते, त्यात एक पंख आधी पडला तर विमान गिरक्या खात खाली येतं आणि जमीन जवळ असेल तर सावरायला उंचीच उरत नाही. अमेरिकन विमान डिझायनर बर्ट रूटानने १९७५ च्या व्हेरीइझी या विमानात छोटा पंख पुढे घेतला (कॅनार्ड), मोठा मागे, आणि प्रोपेलर पार शेपटाकडे. पुढचा पंख मुद्दाम असा बसवलाय की तोच आधी स्टॉल होतो. म्हणजे स्टिक (पायलटच्या हातातली दांडी, मागे ओढली की एरवी नाक वर जातं) पूर्ण मागे ओढून धरली तरी नाक जरा खाली येतं, स्पीड वाढतो, नाक परत वर, असं डुलत राहतं, पण मोठा पंख शेवटपर्यंत उडतच असतो. फारच सुंदर कल्पना आहे ही!

त्याची किंमत मात्र मोजावी लागते. मागच्या पंखाला मोठे फ्लॅप (कमी स्पीडला लिफ्ट वाढवायला खाली झुकणाऱ्या पट्ट्या) लावले तर नाक खाली दाबलं जातं आणि ते उचलून धरायची ताकद छोट्या कॅनार्डमध्ये नसते, त्यामुळे फ्लॅप नाहीत, लँडिंगचा स्पीड जास्त आणि रनवे लांब लागतो. चाकांनी उडवलेले खडे थेट मागच्या प्रोपेलरवर जातात. पायलट उतरला की वजन मागे झुकतं, म्हणून पुढचं चाक आत घेऊन विमान नाक जमिनीला टेकवूनच पार्क करतात.

आणि असा प्रयत्न अंगाशी पण येऊ शकतो. फ्रान्सच्या आंरी मिन्येने १९३३ मध्ये एचएम-१४ हे विमान बनवलं, एकामागे एक दोन पंख, एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखावरच्या पट्ट्या) नाहीत, पुढचा अख्खा पंखच तिरका करायचा. हेतू तोच, स्टॉल टाळायचा. पण तीव्र डाईव्हमध्ये दोन पंखांमधल्या फटीतली हवा मागच्या पंखाची लिफ्ट वाढवायची आणि स्टिक ओढली की नाक आणखी खाली जायचं. लोक मेले, मग पूर्ण आकाराचं विमान विंड टनेलमध्ये (जोराची हवा सोडून चाचणी करायच्या बोगद्यात) घालून तपासल्यावर कारण कळलं.

माझं सगळ्यात आवडतं म्हणजे रूटानचंच १९९६ चं बूमरँग. दोन इंजिनांच्या विमानात एक बंद पडलं की दुसरं विमानाला एका बाजूला ओढतं, आणि स्पीड कमी असेल तर रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीवरची उभी पट्टी) पुरत नाही. म्हणून त्याने एक इंजिन केबिनच्या नाकावर, दुसरं शेजारच्या बूमवर (केबिनला समांतर लांबट नळीसारख्या भागावर) थोडं मागे, दोन्ही एकमेकांच्या जवळ ठेवली आणि पंखसुद्धा डावा-उजवा सारखा ठेवला नाही. दिसायला वाकडं, पण एक इंजिन गेलं तरी हातात राहतं. त्याचं उत्पादन कधी सुरूच झालं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.