यकृताच्या कर्करोगाच्या सर्जनचा संशोधनातला प्रभाव कसा मोजतात? एच-इंडेक्सवर विसंबावं का? आणि ज्याचा आकडा मोठा, त्याच्याकडेच ऑपरेशन करावं का?

एकट्या एच-इंडेक्सवर विसंबू नका. एच-इंडेक्स ६० याचा अर्थ एवढाच, की त्या माणसाच्या ६० लेखांना प्रत्येकी किमान ६० सायटेशन्स (इतर लेखांनी दिलेले हवाले) मिळाली आहेत. हा आकडा २००५ साली जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. लिव्हर सर्जरीत तो दोन ठिकाणी हमखास फसवतो. एखाद्याचा एकच लेख सगळ्या जगाने उचलला, तर एच-इंडेक्समध्ये त्याची भर फक्त एकाची. आणि एखादी पद्धत सगळ्यांच्या हातात इतकी रुळली, की मूळ लेखाचा हवाला देणंच लोक सोडून देतात.

पहिल्या प्रकाराचं उदाहरण म्हणजे मिलानचे सर्जन विन्चेन्झो मात्साफेरो. त्यांचा १९९६ चा लेख अवघ्या ४८ रुग्णांचा. सिरॉसिस (यकृत कडक आणि व्रणमय होणं) आणि कॅन्सर दोन्ही असलेल्या कोणत्या रुग्णात यकृत प्रत्यारोपण करावं, हा प्रश्न होता. उत्तर असं: गाठ एकच असेल तर ५ सेंमीपर्यंत, जास्त असतील तर तीनपर्यंत आणि प्रत्येक ३ सेंमीच्या आत, रक्तवाहिनीत शिरकाव नको आणि यकृताबाहेर प्रसारही नको. चार वर्षांनी ७५ टक्के रुग्ण हयात होते. त्याआधी कॅन्सरसाठी केलेल्या प्रत्यारोपणांचे निकाल इतके वाईट होते, की अनेकांनी तो नाद सोडला होता. अमेरिकेत २००२ पासून मेल्ड स्कोअरप्रमाणे (यकृताचा आजार किती गंभीर हे सांगणारे गुण) यकृतवाटप सुरू झालं, तेव्हा कॅन्सरच्या रुग्णांना जादा गुण देताना याच मर्यादेचा आधार घेतला गेला. सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने २००१ मध्ये एका गाठीची मर्यादा ६.५ सेंमीपर्यंत ताणली. पण ताणायची ती मिलानची रेषाच. विरोधकालाही ज्याच्यापासून सुरुवात करावी लागते, त्याचा प्रभाव मोठा समजावा.

दुसऱ्या प्रकारात जपानी सर्जन मासातोशी माकुउची. माझ्या मते या क्षेत्रात आकड्यांनी सर्वांत कमी न्याय केला तो यांच्यावर. टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रात असताना त्यांनी ऑपरेशन चालू असतानाच अल्ट्रासाऊंड यकृतावर ठेवून काम करण्याची पद्धत बसवली. १९८५ च्या लेखात कृती आहे ती अशी: गाठ असलेल्या भागाला रक्त पुरवणारी पोर्टल शिरेची (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणारी शीर) फांदी अल्ट्रासाऊंडवर शोधायची, तिच्यात सुईने निळा रंग सोडायचा, यकृताच्या पृष्ठभागावर जेवढा भाग निळा होईल त्याची कड कॉटरीने (विजेने डागणाऱ्या उपकरणाने) आखायची आणि तेवढाच तुकडा काढायचा. कारण सरळ आहे. हा कॅन्सर त्याच फांदीतून शेजारच्या पेशींत पसरतो, आणि सिरॉसिस झालेल्या यकृतातून उगाच जास्त कापलं तर उरलेलं यकृत तग धरत नाही. आज फ्लुओरेसन्सचा (खास प्रकाशात चमकणारा) हिरवा रंग वापरतात, पण युक्ती तीच. अशा रीतीने कापल्याने कॅन्सर परतण्याचं प्रमाण किती घटतं, यावर पुढच्या अभ्यासांत एकमत नाही. हेही प्रभाव पाहताना लक्षात घ्यायला हवं.

त्यांचा दुसरा वारसा म्हणजे किती कापायचं याचा तक्ता. आधी पोटात पाणी आहे का ते बघा. औषधांनी आटोक्यात येत नसेल तर कापू नका. मग बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य, मिलिग्रॅम दर डेसिलिटरमध्ये): २ च्या वर असेल तर नको. १ पर्यंत असेल तर आयसीजी (इंडोसायनिन ग्रीन हा रंग) चाचणी. वजनाच्या दर किलोला ०.५ मिलिग्रॅम रंग शिरेतून देऊन १५ मिनिटांनी रक्तात किती उरला ते मोजतात. १० टक्क्यांच्या आत उरला तर उजवा अर्धा भागही काढता येतो, २० ते २९ असेल तर एखादाच सेगमेंट (यकृताचा छोटा विभाग), ४० च्या वर गेला तर फक्त गाठ कोरून काढायची. चाचणी फसते ती कावीळ असताना किंवा रक्त यकृताला वळसा घालून जात असताना. त्यांच्याच टोकियो विद्यापीठातल्या गटाने २००३ मध्ये आठ वर्षांतल्या १०५६ यकृत शस्त्रक्रियांचा अहवाल दिला, त्यात शस्त्रक्रियेमुळे एकही मृत्यू नव्हता. तरी युरोपात हा तक्ता फारसा रुजला नाही; तिथे पोर्टल शिरेतला दाब बघण्याकडे कल. म्हणजे एकाच माणसाचा प्रभाव पूर्व आशियात प्रचंड आणि पश्चिमेत विरळ, आणि हे एका आकड्यात मावत नाही.

उलट टोक म्हणजे क्लावियेन-डिंडो वर्गीकरण (२००४). शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीच्या पायऱ्या त्यात आहेत. क्लावियेन झुरिकचे लिव्हर सर्जन, पण हा लेख हर्नियापासून गुडघ्यापर्यंत सगळ्या शाखांचे लोक उद्धृत करतात. ती सायटेशन्स यकृताच्या कॅन्सरच्या खात्यात धरली तर हिशेब चुकलाच.

स्वतः मोजायचं असेल तर आधी नावांचा घोळ निस्तरा. चिनी नावांत आडनाव आणि एक आद्याक्षर एवढ्यावर शोधलं तर दहा माणसांचे लेख एका खात्यात येतात. संस्था आणि शहर लावून गाळा. गूगल स्कॉलरचा आकडा स्कोपस या सायटेशन्सच्या डेटाबेसपेक्षा बहुधा मोठा येतो, कारण तिथे प्रबंध आणि पुस्तकंही धरतात. दोन्हींचे आकडे एकमेकांत मिसळू नका. स्कोपसवर स्वतःचीच सायटेशन्स वगळायची सोय आहे, ती वापरा. नाव पहिलं किंवा शेवटचं असलेले लेख वेगळे काढा. चाळीस लेखकांच्या वैद्यकीय चाचणीच्या लेखात मधे कुठेतरी नाव असण्याला फार वजन देऊ नये. जुन्या लेखांत जर्नलची नावं बदललेली असतात: माकुउचींचा १९८५ चा लेख ज्या अमेरिकी जर्नलमध्ये आला, त्याचं नाव १९९४ मध्ये बदललं, त्यामुळे नव्या नावाने शोधलं तर सापडत नाही. जपानी भाषेतले लेख बहुतेक यंत्रणांच्या मोजणीत येतच नाहीत. शेवटी उपचारांच्या मार्गदर्शक सूचना उघडा आणि वैद्यकीय चाचण्यांमध्ये रुग्ण निवडण्याच्या अटींत कुणाचा निकष वापरलाय ते बघा. माझा भर सर्वांत जास्त याच्यावर असतो.

ऑपरेशनचं म्हणाल तर एच-इंडेक्स हाताबद्दल काहीच सांगत नाही. डॉक्टरांना विचारा: वर्षाला यकृताच्या किती शस्त्रक्रिया करता, त्यातले सिरॉसिसचे किती, ९० दिवसांतला मृत्युदर किती, आणि माझ्या यकृताचा किती टक्के भाग मागे राहणार? यकृत निरोगी असेल तर साधारण २० ते ३० टक्के उरलेलं चालतं, सिरॉसिस असेल तर ४० टक्क्यांच्या आसपास लागतं. कमी भरत असेल तर आधी एका बाजूची पोर्टल शीर बंद करून दुसरी बाजू वाढवता येते. त्याला काही आठवडे लागतात. हे तंत्र पुढे आणणाऱ्यांतही माकुउची होते.