वाचकांचे प्रश्न : प्रत घरात असू द्या

इंटरनेटवरची एखादी सेवा बंद पडणार किंवा नवी येणार अशी बातमी आली की पत्रांचा ओघ वाढतो. त्यातली चार पत्रं आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : आमच्या शाळेचा ब्लॉग 2011पासून ब्लॉगस्पॉटवर आहे, बाराशेच्या वर नोंदी आहेत. 'ब्लॉगर बंद होणार' असा मेसेज शिक्षकांच्या ग्रुपवर फिरतोय. सगळं आत्ताच वर्डप्रेसवर हलवावं का?
– एक शिक्षिका, उदगीर

उत्तर : फिरत्या मेसेजच्या भरवशावर काही हलवू नका. ब्लॉगस्पॉट म्हणजेच ब्लॉगर ही गूगलची सेवा आहे, आणि गूगलने याआधी सेवा बंद केल्या त्या आधी सांगून. गूगल रीडर ही ब्लॉग वाचायची सेवा बंद होणार हे 13 मार्च 2013 रोजी जाहीर झालं आणि 1 जुलैला ती बंद झाली. फेसबुकसारख्या ऑर्कुटच्या सभासदांना 30 जून ते 30 सप्टेंबर 2014 असे तीन महिने मिळाले. तेवढ्या मुदतीत एवढा ब्लॉग हलवता येतो, पण प्रत आधीच हाताशी असली तर धांदल होत नाही. हलवायचं की नाही ते सावकाश ठरवा, प्रत मात्र आजच काढा.

ज्या ईमेलवर ब्लॉग आहे त्यानेच गूगल टेकआउट, म्हणजे आपला मजकूर उतरवून घ्यायची गूगलची सोय, उघडा. तिथे सुरुवातीला सगळ्या सेवांवर खूण असते. ती आधी काढून टाका आणि फक्त ब्लॉगरवर खूण करा. हे राहून गेलं की फोटो, ड्राइव्ह, मेल असं सगळंच गोळा होतं आणि मोबाइलच्या नेटवर ते कधीच पुरं उतरत नाही. पुढच्या पानावर झिप हा प्रकार निवडा. 'दर दोन महिन्यांनी, एक वर्षभर' असा पर्यायही तिथेच आहे, शाळेसाठी तोच घ्या. तयार झाल्यावर ईमेलवर दुवा येतो. तो साधारण सात दिवसच चालतो, त्यामुळे मेल आल्याबरोबर उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा.

प्रत उतरली म्हणजे काम झालं असं धरू नका. झिप सोडवा, ब्लॉगच्या फोल्डरमधली 'फीड' नावाची फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि 2011च्या पहिल्या नोंदीचं शीर्षक देवनागरीत शोधा, मग अगदी अलीकडचं शोधा. दोन्ही सापडली तर मजकूर सुखरूप आहे. घोळ होतो तो चित्रांचा. त्या फाइलमध्ये चित्रं नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात, आणि ते पत्ते गूगलच्याच सर्व्हरचे असतात. नुसती ती फाइल वर्डप्रेसमध्ये चढवली की स्नेहसंमेलनाचे फोटो जागच्या जागी दिसतात, पण ते अजून गूगलकडूनच येत असतात. जुना ब्लॉग पुसला की ते गायब झालेच म्हणून समजा. तेव्हा फोटो वेगळे उतरवून नव्या जागी चढवल्याशिवाय जुन्याला हात लावायचा नाही.

आणखी एक, आणि आमच्या मते हे बंद पडण्याच्या अफवेपेक्षा मोठं संकट आहे. शाळांचे ब्लॉग बहुधा एखाद्या गुरुजींच्या खासगी ईमेलवर असतात. बदली झाली, पासवर्ड विसरला, की ब्लॉग अनाथ. दोन वर्षं वापर नसलेली खासगी खाती गूगल काढून टाकू शकतं, हे धोरण डिसेंबर 2023पासून लागू आहे. सेटिंग्जमध्ये परवानग्यांच्या भागात जाऊन मुख्याध्यापकांच्या कार्यालयीन ईमेलला लेखक म्हणून आमंत्रण पाठवा. त्यांनी ते स्वीकारलं की त्यांचा दर्जा लेखकावरून ॲडमिन करा. ही दुसरी पायरीच बहुतेकांची राहते.

प्रश्न : माझ्याकडे 2004 ते 2012 या काळात डीव्हीबी-टीटी सुरेखमध्ये टंकलेले तीनशे लेख आहेत. ब्लॉगवर टाकले की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. रूपांतर केलं तरी शोधात काही लेख सापडत नाहीत.
– एक निवृत्त वार्ताहर, सेलू

उत्तर : सुरेखसारख्या जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षरांची नुसती चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. फाइलमध्ये मराठी कधी नव्हतीच. फाँट काढला की आतलं खरं रूप उघडं पडतं. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून ते कुठेही मराठीच राहतं.

रूपांतर करताना फाँटचं नेमकं नाव पाहा. सुरेख, श्रीलिपी, कृतिदेव यांच्या मांडण्या वेगवेगळ्या आहेत, एकाचा बदलक दुसऱ्याला चालत नाही. आधी एकच पान बदला आणि तीन ठिकाणं बारकाईने वाचा. पहिलं ठिकाण ऱ्हस्व वेलांटीचं, कारण जुन्या फाँटमध्ये ती व्यंजनाच्या आधी टंकली जायची आणि युनिकोडमध्ये ती नंतर येते. दुसरं रफाराचं, 'वर्ष', 'कार्यकर्ता' असे शब्द तपासा. तिसरं लेखात मध्येच आलेल्या इंग्रजी नावांचं. बदलक त्यांनाही मराठी समजून त्यांचा चुराडा करतो. ती नावं आधी बाजूला काढून ठेवा.

आता शोधात न सापडण्याचं कारण. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक 2008 साली, 5.1 या आवृत्तीत मिळाला. त्याआधी लोक 'अ'वर चंद्र देऊन 'अॅ' लिहीत, आणि बरेच बदलक आजही तसंच लिहितात. डोळ्याला दोन्ही सारखंच दिसतं, संगणकाला नाही. 'ॲडव्होकेट' शोधलं तर 'अॅडव्होकेट' लिहिलेला लेख सुटू शकतो. 'दुसऱ्या', 'शेतकऱ्यांना' यातल्या अर्ध्या र चंही तेच. तो नुक्त्याच्या ऱ ने लिहिता येतो, तसाच साध्या र नंतर अदृश्य जोडचिन्ह घालूनही. शेतीवरच्या तुमच्या लेखांत 'शेतकऱ्यांना' किती वेळा येतं ते बघा, म्हणजे घोळाचा आकार कळेल. उपाय सोपा आहे. सगळे लेख एका फाइलमध्ये घ्या, शोधा-आणि-बदला वापरून दोन्ही ठिकाणी एकच पद्धत करा, मगच ब्लॉगवर टाका. आम्ही 'ॲ' आणि 'ऱ्' याच बाजूचे आहोत. मूळ फाइल आणि फाँट मात्र फेकू नका.

प्रश्न : स्टारलिंक धाराशिव जिल्ह्यात येणार असं वाचलं. आमच्याकडे डीपी जळाली की दोन-दोन दिवस लाईट नसते. हे चालेल का? खर्च किती?
– महा ई-सेवा केंद्र चालक, परांडा तालुका

उत्तर : बातमी खरी आहे, पण तिचा अर्थ मर्यादित आहे. राज्य सरकारने 5 नोव्हेंबर 2025 रोजी स्टारलिंक या उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या कंपनीबरोबर इरादापत्रावर सही केली. त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशिम यांच्यासोबत धाराशिव आहे. भर सरकारी संस्था आणि दुर्गम वस्त्यांवर आहे. इरादापत्र म्हणजे तुमच्या छतावरची जोडणी नव्हे. डिसेंबर 2025मध्ये संकेतस्थळावर महिना 8,600 आणि उपकरणाचे 34,000 रुपये असे आकडे दिसले होते, ते चाचणीचे असून चुकून दिसले असा खुलासा कंपनीने केला. त्या आकड्यांवर हिशेब बांधू नका, आणि 'नोंदणी करून देतो' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

विजेचं गणित तुमच्यासाठी महत्त्वाचं. उपग्रहाशी बोलणारी स्टारलिंकची नेहमीची तबकडी (डिश) 75 ते 100 वॉट खाते. 12 व्होल्ट, 150 एएचच्या बॅटरीत कागदावर 1,800 वॉट-तास असतात. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरही आपला वाटा घेतो, म्हणून हजारेक धरा. म्हणजे तबकडी एकटी दहा तास चालेल. त्यावर संगणक आणि प्रिंटर जोडला की चार-पाच तासांत कारभार आटोपला. फायबरचा डबा आणि राउटर मिळून 15-20 वॉटवर चालतात, त्याच बॅटरीवर दोन दिवस निघतात. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आली असेल तर आधी तिच्या मागे लागा.

तबकडीला आकाशही मोकळं लागतं. हे उपग्रह साधारण पाचशे-साडेपाचशे किलोमीटरवरून सतत सरकत असतात आणि तबकडी एकावरून दुसऱ्यावर उडी मारत राहते. मध्ये लिंबाची फांदी किंवा पाण्याची टाकी आली की काही सेकंद नेट तुटतं. व्हिडिओ पाहताना ते जाणवत नाही, अर्ज भरताना ओटीपीच्या पानावर नेमकं जाणवतं.

प्रश्न : तूर-सोयाबीनवरचे माझे लेख एआयवाल्यांनी घेऊ नयेत, पण गूगल शोधात दिसावेत. जमेल?
– कृषी पदवीधर, अंबाजोगाई

उत्तर : अर्धं जमेल. ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये क्रॉलर्स आणि अनुक्रमणिकेच्या भागात स्वतःची रोबोट्स फाइल चालू करता येते. क्रॉलर म्हणजे वेबवरची पानं गोळा करत फिरणारे प्रोग्राम, आणि कोणी काय घ्यायचं नाही ते त्यांना ही फाइल सांगते. तिथे जीपीटीबॉट (चॅटजीपीटीवाल्यांचा) आणि गूगल-एक्स्टेंडेड (गूगलच्या एआयसाठीचं) या दोन नावांखाली 'डिसअलाऊ' आणि तिरकी रेघ (/) लिहा, अर्थातच रोमन लिपीत. दुसऱ्या नावाने गूगल शोधावर परिणाम होत नाही. हीच ओळ चुकून नावाच्या जागी नुसती तारका (*) असलेल्या ओळीखाली गेली तर सगळेच क्रॉलर अडतात आणि ब्लॉग शोधातून उतरायला लागतो, म्हणून जतन करण्याआधी पुन्हा वाचा. ही फाइल म्हणजे विनंती आहे, कुलूप नव्हे, न जुमानणारे क्रॉलरही असतात.

शोधाच्या माथ्यावर येणारा एआय सारांश मात्र नेहमीच्या गूगल क्रॉलरवरच चालतो. त्यातून बाहेर पडायचं तर पानाला 'नोस्निपेट' ही सूचना लावावी लागते, आणि मग शोधात तुमच्या शीर्षकाखालचा दोन ओळींचा मजकूरही जातो. तुमचा वाचक तूर मर रोगाने वाळताना उपाय शोधत येणारा शेतकरी आहे. त्या दोन ओळी वाचूनच तो पान उघडतो. आम्ही तरी ती सूचना लावणार नाही.