वाचकांचे प्रश्न : वीज नसताना इन्सुलिन

प्रश्न : आम्ही परभणी जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. उन्हाळ्यात दुपारभर वीज नसते. आईचे इन्सुलिन फ्रिजमध्ये असते, ते खराब होईल का? टाळेबंदीपासून आम्ही चार-पाच कुप्या साठवून ठेवतो.

उत्तर : न उघडलेली कुपी 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवावी लागते, वापरात असलेली बहुतेक इन्सुलिने मात्र 25 ते 30 अंशांखाली सुमारे चार आठवडे टिकतात, नेमकी मुदत वेष्टनावर पाहावी. वीज गेल्यावर फ्रिजचे दार उघडू नये, म्हणजे आतला गारवा काही तास टिकतो. परंतु मराठवाड्यात मे महिन्यात पारा 40 च्या वर जात असल्याने दुसरी सोयही हवी. मोठ्या माठात ओली वाळू घालून त्यात लहान मडके बसवावे, घट्ट झाकणाच्या डब्यातील कुपी त्यात ठेवून वर ओले फडके टाकावे आणि माठ वारा लागेल अशा सावलीत ठेवावा. आपल्याकडची कोरडी हवा इथे उपयोगी पडते, पावसाळ्यात मात्र हा गारवा उणावतो. कुपी बर्फाला टेकवू नये, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. साठ्याबद्दल म्हणाल, तर एक जादा कुपी पुरे. पाण्यासारखे स्वच्छ इन्सुलिन गढूळ दिसले किंवा साखर विनाकारण वाढू लागली, तर कुपी बदलून डॉक्टरांना कळवावे.